पाटीवरची रिकामी ओळ

पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी जी पाटी होती, ती मी लिहिली होती. पूल पडला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली. पिवळ्या पत्र्यावर काळी अक्षरं. वर 'पूल धोकादायक आहे', त्याखाली 'जड वाहनांस बंदी'. त्याखाली काही नाही. बातमी देणारा मुलगा पाटीकडे हात करून पुन्हा पुन्हा विचारत होता, की वाहनांना बंदी होती, मग माणसांना का नव्हती?

माणसांनाही होती. ती मी लिहिली नाही. मला सांगायचं ते एवढंच आहे, पण एवढ्यावरून कुणाला काही कळणार नाही, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

घोटीत मी सगळं आयुष्य पेंटर म्हणून काढलं. भाताच्या गिरण्यांच्या पाट्या, किराणा दुकानांचे फलक, निवडणुकीच्या भिंती, ट्रॉलीच्या मागच्या फळीवर 'आईवडिलांची पुण्याई'. नंतर फ्लेक्स आले आणि आमचा धंदा बसला. तरी आमच्याकडच्या पावसात फ्लेक्स टिकत नाही, वाऱ्याने फाटतो, म्हणून ज्याला वर्षानुवर्षं टिकणारी पाटी हवी तो अजून माझ्याकडे यायचा. लोखंडी पत्रा, गंजू नये म्हणून रेड ऑक्साइडचा हात, वर ऑइलपेंट.

पाटी लिहिताना आधी अक्षरं नसतात, आधी जागा असते. मजकूर किती ओळींचा आहे ते बघायचं आणि तेवढ्या ओळी आखून घ्यायच्या. दोरीला खडू चोळायचा, दोन्ही टोकांना ताणून धरायची आणि मधे टिचकी मारायची. पत्र्यावर सरळ पांढरी रेघ उठते. दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं. माझा पुतण्या शाळेत असताना सुट्टीत दुकानावर येऊन बसायचा, तेव्हा ते टोक त्याच्याकडे असायचं. एकदा तो मला म्हणाला होता, की काका, तुमच्या पाटीत हवा सगळीकडे सारखी असते. अक्षरांभोवतीची मोकळी जागा म्हणजे त्याची हवा. मला ते फार आवडलं होतं.

पुतण्या म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ लवकर गेला. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा मी हाफ पँटमध्ये होतो, आणि आई त्याआधीच गेलेली. त्यामुळे माझं डोकं धुण्यापासून माझं लग्न लावण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. मला ती भाऊजी म्हणायची, अगदी मी हाफ पँटमध्ये असतानाही. बायको गेल्यावर मी दुकानाच्या मागच्या खोलीतच राहू लागलो. वहिनीचं घर नदीपलीकडे, गावात. तिचं भाताचं खाचर मात्र नदीच्या अलीकडे, घोटीच्या बाजूला. रोज सकाळी ती शेतावर येताना माझी भाकरी फडक्यात बांधून आणायची आणि दुकानाच्या पायरीवर ठेवून पुढे जायची. म्हणजे माझी भाकरी त्या पुलावरून येत होती. हे लक्षात ठेवावं, कारण पुढे मी जे केलं त्यात गावाचं कारण होतं तसं हेही होतं.

पूल इंग्रजांच्या वेळचा, दगडी कमानींचा. गावाला त्याचा भारी अभिमान. चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर कालवून बांधलाय, शंभर वर्षं धक्का लागला नाही, हे प्रत्येक म्हातारा प्रत्येक पाहुण्याला सांगायचा. मीही सांगत आलो. पूल जितका जुना होत गेला तितकी आमची खात्री वाढत गेली. मधल्या खांबाच्या सांध्यातून पिंपळ उगवला होता. तो वाढत वाढत हाताएवढा जाड झाला, त्याची मुळं दगडांच्या फटींत शिरली, फटी रुंदावल्या. बांधकाम खात्याची माणसं दोनदा तोडायला आली. पिंपळाला कोयता लावायचा नाही म्हणून बायकांनी त्यांना परत पाठवलं. पिंपळाखाली कुणीतरी शेंदूर फासलेला दगडही ठेवला. पुलाच्या खांबाखाली तो दगड ठेवायला नेमकं कोण उतरलं होतं हे कधी कळलं नाही.

मग एक नवा इंजिनिअर आला. मालेगावकडचा मुलगा, लग्न व्हायचं होतं. मोटारसायकलवर फिरायचा. त्याच्याकडे असे कितीतरी पूल आणि मोऱ्या होत्या. आईचा फोन आला की अहिराणीत बोलायचा. 'बठ्ठं बरं शे, माय,' म्हणजे सगळं ठीक आहे, आई, हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की मलाही पाठ झालं. तो नदीत उतरून, खांबांना हात लावून वर आला आणि माझ्या दुकानावर येऊन बसला. म्हणाला, "काका, मधला खांब संपलाय. पूल पूर्ण बंद करायचाय. गाडी नाही, माणूस नाही."

मजकूर त्याने सांगितला आणि मी पत्र्यावर खडूने लिहून त्याला दाखवला. पूल धोकादायक आहे. सर्व वाहनांस बंदी. पादचाऱ्यांस बंदी. तीन ओळी. त्याने मान हलवली. पाटी पुलाशी रोवून मग तिथेच लिहितो, म्हणजे खरचटणार नाही, असं मीच त्याला म्हणालो होतो. तो दुसऱ्या कामावर निघून गेला.

खांब रोवून, पत्रा ठोकून मी तीन रेघा मारल्या आणि पहिली ओळ लिहायला घेतली तोवर माणसं जमली. भर आवणीचे, भातलावणीचे दिवस. कुणी शेतावर निघालेलं, कुणी दूध घालून परत येत होतं. पहिल्या ओळीला कुणी काही म्हणालं नाही. धोकादायक तर धोकादायक. गावच्या एका दूधवाल्याशी माझी लहानपणापासूनची ओळख. त्याने पुढे काय लिहिणार ते विचारलं. मी सांगितलं.

"पादचारी म्हंजे कोण रे?" मागून एका म्हाताऱ्याने विचारलं.

"बिनगाडीचा माणूस," दूधवाला म्हणाला.

"म्हंजे आख्खं गावच की."

लोक हसले. मीही हसलो. मग हसणं ओसरलं आणि बोलणी सुरू झाली. पोरं शाळेत कुठून जातील. बाळंतीण बाई हायवेच्या पुलावरून वळसा घेऊन दवाखान्यात कशी पोचेल. आवणीची मजूर माणसं येतीलच कशाला. पूल बंद झाला की नवा पूल होईपर्यंत किती वर्षं जातील हे सगळ्यांना ठाऊक होतं. खात्याने एकदा बंद केलेली वस्तू परत उघडलेली आमच्याकडे कुणी पाहिली नव्हती. ही भीती खोटी नव्हती, आजही मी तिला खोटी म्हणणार नाही.

दूधवाला म्हणाला, "पेंटर, तू पादचारी लिव. पण उद्यापासून दुधाच्या किटल्या घेऊन नदीतनं तूच पोहायचं."

मी म्हणालो की मजकूर साहेबांचा आहे, माझा नाही.

"साहेब मालेगावला जाईल. तू इथंच मरशील ना?"

त्यात दमदाटी नव्हती. आपल्या माणसाला आपल्या माणसाने बोलावं तसं तो बोलला. मी ब्रश धरून उभा राहिलो. त्या वेळी माझ्या मनात आलं ते असं, की उद्यापासून वहिनी भाकरी घेऊन कशी येईल? तिचे गुडघे दुखायचे. वळसा तिच्याने झाला नसता. 'सर्व' लिहायचं तिथे मी 'जड' लिहिलं. तिसऱ्या रेघेवर काहीच लिहिलं नाही. 'जड' लिहिलं की मोटारसायकली सुटल्या, दुधाच्या रिक्षा सुटल्या, आणि माणसांचा तर प्रश्नच उरला नाही. म्हाताऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली. कुणीतरी चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आली तेव्हा पायरीवर भाकरी ठेवून जरा थांबली. तिला वाचता येत नव्हतं. आदल्या दिवशी ती तिथे नव्हती, तिला झालेलं काही ठाऊक नव्हतं.

"भाऊजी, पुलाच्या पत्र्यावर काय लिहेल हाय? तुमचं अक्षर दिसलं म्हणून थांबले."

मी तिला वाचून सांगितलं. पूल धोकादायक आहे, जड वाहनांस बंदी.

"मंग मला काय नाय," ती म्हणाली. "मी तर हलकीच हाय."

ती खरोखरच हलकी होती. शेवटी शेवटी तर अगदी चिपाडासारखी झाली होती. तिला वाटलं मी तिच्या विनोदाला हसेन. मी हसलो.

काही दिवसांनी इंजिनिअर आला. पाटी पाहून तो थेट दुकानावर आला, पण आवाज चढवला नाही. मी त्याला झालेलं सांगितलं. गाव पेटलं होतं, पाटीच उखडून नदीत टाकली असती, असंही जरा वाढवून सांगितलं. आणि म्हणालो, "साहेब, खाली एका ओळीची जागा ठेवलीय. आवणी उरकू द्या, लोक निवले की मी गुपचूप भरतो. माझ्यावर सोडा."

तो मोटारसायकलवर बसला. मग म्हणाला, "काका, तुमच्यावर सोडतो हं."

त्यानेही दुसऱ्या कुणाकडून ओळ लिहून घ्यायला हवी होती, दोन्ही तोंडांना भिंत घालायला हवी होती, वर कळवायला हवं होतं. हे सगळे नंतर म्हणाले आणि त्यात तथ्य आहे. पण वयाने मोठ्या माणसाने दिलेल्या शब्दावर तो गेला. आवणी उरकली. मी ओळ भरली नाही. रोज भाकरी येत होती.

आमच्याकडे नदी दुथडी भरून आली की बायका तिची ओटी भरतात. नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू. पूर्वी हे काठावरच्या पायऱ्यांवर व्हायचं. एका पुरात पायऱ्या वाहून गेल्या, तेव्हापासून पुलावरून ओटी सोडायची पद्धत पडली. वरच्या अंगाच्या कठड्याशी सगळ्याजणी दाटीने उभ्या राहतात, एकदमच नारळ सोडतात, आणि कुणाचा आधी पुलाखालून पलीकडे निघतो ते बघायला उलट्या बाजूला धावतात. भाऊ गेल्यापासून वहिनी ओटीला काठावरच उभी राहायची. विधवा बाईने ओटीला हात लावायचा नाही, ही रीत तिने कधी बोलून दाखवली नाही आणि मोडलीही नाही. त्या वर्षी गावातल्या तरुण बायकांनी ठरवलं की हे बंद करायचं, सगळ्याजणी ओटी भरतील. वहिनीच्या सुनेने, म्हणजे पुतण्याच्या बायकोने, तिला हाताला धरून पुलावर नेलं आणि सगळ्यांत पुढे उभं केलं. पदरात नारळ दिला. नातू काठावर रडायला लागला म्हणून सून त्याला घ्यायला मागे फिरली.

मी दुकानात होतो. मला आवाज ऐकू आला नाही. लोक सांगतात मोठा आवाज झाला, काही म्हणतात आवाज झालाच नाही, बायका नुसत्या दिसेनाशा झाल्या. मधला खांब पिंपळासकट गेला, त्याच्या दोन्ही बाजूंच्या कमानीही गेल्या. मी पोचलो तेव्हा पुलाचं अलीकडचं तोंड जसंच्या तसं होतं, पाटीही होती, आणि पाटीच्या पुढे थोड्याच अंतरावर रस्ता संपून पाणी होतं. पलीकडच्या काठावर माणसं नावं घेऊन हाका मारत होती. पुराच्या आवाजात कुणाचीच हाक ऐकू येत नव्हती, नुसती तोंडं उघडलेली दिसत होती.

किती बायका आणि किती मुलं, तो आकडा पेपरात आला. मी लिहीत नाही. गावात असं घर राहिलं नाही ज्याचं कुणी ना कुणी गेलं नाही. दूधवाल्याची मुलगी पंचमीला माहेरी आली होती, ती गेली. वहिनी दोन दिवसांनी खाली धरणाच्या फुगवट्यात सापडली.

पुढचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत. गाड्या आल्या, पुढारी आले, कॅमेरे आले. गाव पहिल्यांदा रडलं, मग संतापलं. संतापाला कुणीतरी लागतं. पाटी समोरच होती. पुतण्या नाशिकला सातपूरच्या कारखान्यात कामाला. तो रजा टाकून आला आणि सगळ्यांत पुढे तोच उभा राहिला. शोकसभेत तो म्हणाला, की पाटीवर एक ओळ जास्त लिहिली असती तर माझी आई आज असती. एका ओळीचा आळस. ज्याने तो केला त्याला सोडायचं नाही. टाळ्या वाजवायची ती जागा नव्हती, पण लोकांनी वाजवल्या. पाटी लिहिताना तिथे असलेली माणसंही सभेत होती. त्यांतलं कुणी माझ्याकडे बघितलं नाही, मीही कुणाकडे बघितलं नाही. आम्ही कुणी काही ठरवलं नव्हतं. ठरवायची गरजच पडली नाही.

इंजिनिअरला निलंबित केलं, पोलिसांत गुन्हाही दाखल झाला. चौकशीचे साहेब गावात आले तेव्हा शाळेच्या वर्गात बसले होते. इंजिनिअर म्हणतो की तिसरी ओळ पेंटरला सांगितली होती, पेंटरने नंतर भरतो म्हणून कबूल केलं होतं. हे खरं आहे का, असं त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं. पुतण्या माझ्या शेजारी उभा होता. मला आधार म्हणून त्याने माझा दंड धरला होता. त्याच्या हाताची बोटं मला आजही तिथे जाणवतात.

मी म्हणालो, "मला जेवढं सांगितलं तेवढंच मी लिहिलं."

वर्गातून कुणी हूं की चूं केलं नाही. दूधवाला दाराशी उभा होता, तो बाहेर निघून गेला.

दहावा नाशिकला रामकुंडावर केला. पिंड ठेवून आम्ही मागे सरतो न सरतो तोच कावळा शिवला. गुरुजी म्हणाले, फार समाधानी जीव होता, मागे काही ठेवलं नाही. सगळ्यांना बरं वाटलं. मला मात्र वाटत होतं की कावळ्याने तास दोन तास तरी घोळवावं, तिचं माझ्याकडे काहीतरी मागणं असावं. तिचं काहीच मागणं नव्हतं. शेवटपर्यंत तिला ठाऊकच नव्हतं की मागण्यासारखं काही आहे.

माझ्याने सहन झालं नाही ते सुनेचं बोलणं. ती कुणाशी भांडत नव्हती, नीट स्वयंपाक करत होती, पण मधेच हातातलं काम थांबवून म्हणायची, "मीच नेलं आत्याबाईंना. त्या काठावरच बऱ्या होत्या." शेजारच्या बायका समजूत काढायच्या. आणि त्यांतल्याच काही पाठ फिरली की म्हणायच्या, रीत मोडली, नदीला चाललं नाही. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. एका बाईने सासूला आयुष्यात पहिल्यांदा मानाने पुढे उभं केलं, आणि गाव तिला त्याचंच पाप लावत होतं. एकीकडे तो मालेगावचा मुलगा, एकीकडे ही. दोघांच्या डोक्यावर जे होतं ते माझं होतं. सुतकाचे दिवस मी त्याच घरात राहून तिच्या हातची भाकरी खात होतो.

मी स्वतःहून सांगितलं असं मला इथे लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ते पुतण्यानेच काढलं. गावाने नदीकाठी दगड बसवायचं ठरवलं होतं. गेलेल्यांची नावं, आणि खाली 'प्रशासनाच्या निष्काळजीपणाचे बळी'. ते काम माझ्याकडेच येणार हे सगळ्यांनी धरलं होतं. पुतण्या मोबाईलमध्ये दगडाचा फोटो दाखवायला आला. फोटो सरकवताना मधेच पाटीचा फोटो आला. तो थांबला. दोन बोटांनी त्याने तो मोठा केला.

"काका, खाली एवढी जागा का सोडलीय?"

मी ब्रश पुसायला घेतला.

"तुम्ही अशी पाटी कधीच लिहीत नाही. हवा सगळी खालीच आहे." त्याने फोटो अजून मोठा केला. "इथं दोरीची रेघ दिसतेय. तुम्ही तीन ओळी आखल्या होत्या."

पावसाने खडूची रेघ जायला हवी होती. पण ओल्या रंगावर दोरी मारली की तिचा वळ रंगात राहतो. त्या दिवशी पिवळा रंग नीट सुकायची मी वाट पाहिली नव्हती.

मग मी सगळं सांगितलं. 'सर्व'च्या जागी 'जड' कसं आलं ते, इंजिनिअरला दिलेला शब्द, शाळेच्या वर्गातलं माझं वाक्य. गावातल्या कुणाचं नाव घेतलं नाही. त्याने ऐकून घेतलं. तो ओरडला नाही. बराच वेळ तो मोबाईलची काच अंगठ्याने पुसत राहिला.

"आईने विचारलं होतं का तुम्हाला, पाटीवर काय आहे म्हणून?"

"हो."

"मग काय वाचलंत?"

"जे लिहिलं होतं तेच."

तो उठला आणि गेला. जाताना पायरीवर त्याचा पाय अडखळला. तीच पायरी, जिथे ती भाकरी ठेवायची.

मला त्याने दोन दिवसांनी फोन केला. उद्या नाशिकला चला, एवढंच म्हणाला. चौकशीच्या कार्यालयात जबाब बदलून द्यायचा होता. एसटीने गेलो, तो पुढच्या सीटवर बसला, मी मागे. कार्यालयाच्या व्हरांड्यात एकच बाक होता आणि त्यावर तो इंजिनिअर बसला होता. त्याचीही त्या दिवशी हजेरी असावी. पार खंगला होता. मला पाहून त्याचा चेहरा बदलला. मला वाटलं आता तो बोलेल, आणि बोलावं अशी माझी इच्छाही होती. त्याने फक्त उठून मला जागा दिली. म्हातारा माणूस उभा आहे म्हणून एखादा मुलगा सवयीने उठतो, तसा तो उठला. मी बसलो नाही. तो बाकही मग रिकामाच राहिला, आम्ही दोघे त्याच्या दोन बाजूंना उभे. मधेच त्याचा फोन वाजला. भिंतीकडे तोंड करून तो हळू आवाजात म्हणाला, "बठ्ठं बरं शे, माय."

आत मी जबाब दिला. साहेबांनी विचारलं की तिथे आणखी कोण कोण होतं. लिहिणारा हात माझा होता, असं मी सांगितलं. त्याने त्या मुलाची सुटका झाली असं नाही. त्याचं प्रकरण अजून चालू आहे. त्याच्याही हातून चुकलं होतंच. पण तो खोटं बोलत नव्हता, एवढं तरी आता कागदावर आहे.

गावात बातमी माझ्या आधी पोचली. दुकानावर कुणी येईनासं झालं. जे आले ते विचारायला आले, की मेलेली माणसं यानं परत येणार आहेत का. आता भरपाई अडली तर त्याला तू जबाबदार, असं एकाने सांगितलं. पुतण्याने घरी सुनेला माझ्यासमोर सांगावं अशी मी विनंती केली. त्याने सांगितलं. ती ऐकत होती तेव्हा तिने माझ्या पानात भाकरी वाढली होती. ऐकून झाल्यावर तिने ती काढून घेतली नाही, पण वर कालवण वाढलं नाही. ती आत गेली आणि मग तिच्या रडण्याचा आवाज आला. इतक्या दिवसांत ती मोठ्याने रडली नव्हती.

एके सकाळी दूधवाला आला. बसला नाही. म्हणाला, "तू एकटाच होतास असं का सांगितलंस?"

मी म्हणालो, ब्रश माझ्याच हातात होता.

"बोलणारं तोंड माझं होतं. माझी पोर गेली रे त्यात. मला काय लाज नाय का?" तो रस्त्याकडे वळला. "मी बी जाऊन येतो नाशकाला. कोणतं हापिस ते सांग."

मी सांगितलं. तो गेला की नाही हे मी अजून विचारलेलं नाही.

दगडासाठी मग त्यांनी मला बोलावलं नाही. नदीकाठी फ्लेक्स लावला. तो परतीच्या पावसात फाटला, नावं अर्ध्यावर लोंबायला लागली. वाऱ्याने एक तुकडा उडून नदीत पडला. त्यावर कुणाचं नाव होतं यावरून गावात दोन घरांत बाचाबाची झाली. त्यानंतर पुतण्या दुकानावर आला. घोटीत आता दुसरा पेंटर उरला नाही, हे त्याने सांगितलं नाही आणि मलाही सांगावं लागलं नाही. त्याने कोपऱ्यातली दोरी उचलली, खडूचा तुकडा शोधला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

दगड काळा, घोटून गुळगुळीत केलेला. खालची प्रशासनाची ओळ गावाने काढून टाकली होती. आता वर फक्त 'पुलावर गेलेली माणसं' एवढंच होतं, कुणाचा दोष नाही. मी माझं टोक धरलं, त्याने त्याचं. टिचकी त्याने मारली. एकेक नाव लिहीत गेलो. दूधवाल्याच्या मुलीचं नाव लिहिताना मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं आणि निघून गेलं. वहिनीचं नाव शेवटी ठेवलं होतं. तिचं पूर्ण नाव मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. रेशन दुकानापासून मतदार यादीपर्यंत ते दुसऱ्यांनीच लिहिलं, मी तिला वहिनीच म्हणत आलो. ते लिहायला मला वेळ लागला.

पुतण्या त्या सगळ्या वेळात एकदाच बोलला. मी खालची रेघ आखायला वाकलो तेव्हा म्हणाला,

"खाली जागा सोडू नका, काका."